जेम्सटाउनचं प्रकरण: नदीत मासे होते, तरी माणसं उपाशी का मेली?

१६१० चा वसंत. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीचा तेव्हाचा प्रमुख जॉर्ज पर्सी नदीच्या मुखाशी असलेल्या पॉइंट कम्फर्टच्या ठाण्यावर गेला. हे ठाणंही इंग्रजांचंच. वर जेम्सटाउनमध्ये त्या हिवाळ्यात लोकांनी आधी घोडे खाल्ले, मग कुत्री-मांजरं, मग उंदीर, साप, बुटांचं कातडं आणि शेवटी मेलेली माणसंसुद्धा. आणि इथे खाली पॉइंट कम्फर्टला सगळे चांगले धडधाकट, खेकडे इतके की डुकरांना घालत होते. पर्सीनेच लिहून ठेवलंय की यांनी आपल्याकडची सुबत्ता आमच्यापासून लपवून ठेवली आणि डुकरांना घातलेले खेकडे आमच्या लोकांना मिळाले असते तर केवढा आधार झाला असता.

कंपनी एक, राजा एक, नदीही तीच, आणि एका टोकाला डुकरं खेकडे खातायत तर दुसऱ्या टोकाला माणसं माणसाला खातायत.

जेम्सटाउन म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी माहीत असतात, एक पोकाहॉन्टस, तिथल्या स्थानिक प्रमुखाची मुलगी, आणि दुसरी म्हणजे ते साहेब लोक आळशी होते, काम करायला नको म्हणून मेले. ही दुसरी गोष्ट फारच अर्धवट आहे. १६०७ ते १६२५ चे कागद ओळीने वाचत गेलं की माझं मत असं झालं की तिथे खायला किती आहे हा प्रश्न नंतरचा, आधीचा प्रश्न हा की ते कोण पकडू शकतो, कोण साठवू शकतो आणि कुणाच्या परवानगीने खाऊ शकतो. तंबाखूचा पैसा आल्यावरही हा प्रश्न सुटला नाही, उलट आणखी घट्ट झाला.

आधी कंपनीचं बघू. लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीला राजा पहिल्या जेम्सने १० एप्रिल १६०६ ला सनद दिली. भागीदारांची कंपनी, १६०९ मध्ये एका शेअरचा भाव १२ पौंड १० शिलिंग. जो स्वतः जहाजात बसून गेला त्याचं जाणं हाच त्याचा शेअर, पण सात वर्षं तो कंपनीचा माणूस, पिकवेल ते कंपनीच्या कोठारात, आणि कोठारातून मिळेल ते रेशन. वाटणी सात वर्षांनी. म्हणजे आज मी जास्त राबलो काय आणि झाडाखाली बसलो काय, ताटात पडणार तेवढंच.

इथे एक धागा आपल्याकडे येतो. १६०९ पासून दहा वर्षं या कंपनीचा खजिनदार, म्हणजे खरा कर्ताधर्ता, होता सर थॉमस स्माइथ, आणि तोच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. १६०७ ला पहिली तीन जहाजं व्हर्जिनियाला नेणारा कॅप्टन ख्रिस्तोफर न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीत गेला, १६१५ मध्ये जहांगीराच्या दरबारात आलेला इंग्रज वकील सर थॉमस रो ज्या लायन जहाजातून सुरतेला उतरला त्याचा कॅप्टन हाच न्यूपोर्ट, आणि तो वारला १६१७ ला जावातल्या बँटमला. लंडनमधली माणसं बरीचशी तीच, पैशाची रीत तीच. पण सुरतेत माल आधीच तयार होता, विणकर होते, दलाल होते, सराफ होते, हुंडी होती, तिथे गोदाम काढून खरेदी सुरू करता आली. व्हर्जिनियात असा बाजारच नव्हता. तरी कंपनीने माणसं पाठवली ती पटकन काहीतरी भरून परत पाठवायच्या हिशोबाने, सोनं, ससाफ्रास नावाच्या औषधी झाडाची मुळं, डांबर, काच, आणि पॅसिफिककडे जायचा रस्ता मिळाला तर तोही.

१४ मे १६०७ ला साधारण १०४ पुरुष आणि पोरं उतरली. यादीतले जवळपास अर्धे 'जंटलमन', मजूर म्हणून नोंदलेले डझनभर, सुतार चारच, बाकी एखादा लोहार, न्हावी, शिंपी, गवंडी. जागा निवडली ती स्पॅनिश जहाजांपासून लपायला आणि आपली जहाजं किनाऱ्यालगत बांधायला सोयीची म्हणून, पण ते बेट दलदलीचं, गोड्या पाण्याचा झरा नाही. पर्सीचं त्या उन्हाळ्याचं वर्णन एकदा वाचलं की विसरता येत नाही: पाच माणसांत दिवसाला पाण्यात उकडलेल्या जवाचं एक छोटं डबडं, आणि प्यायला नदीचं पाणी, भरतीला खारट, ओहोटीला गाळ आणि घाण. ज्या पाण्यात मलमूत्र जातंय तेच प्यायचं, मग आमांश, टायफॉइड, अंगावर सूज, कुणाला ताप, आणि सकाळी झोपडीतून प्रेतं ओढून न्यायची. जानेवारी १६०८ मध्ये न्यूपोर्ट परत आला तेव्हा ३८ च्या आसपास जिवंत होते.

या उपासमारीत व्यवहार काय चालले होते ते बघण्यासारखं आहे. जहाजं नदीत उभी होती तोवर खलाशी जहाजातली बिस्किटं चोरून या लोकांना विकायचे, पैसे घ्या, ससाफ्रास घ्या, फर घ्या. म्हणजे वसाहत उभी राहायच्या आत काळाबाजार उभा राहिला. आणि पहिला अध्यक्ष एडवर्ड विंगफिल्ड, त्याला सप्टेंबरमध्ये पदावरून काढलं, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या जॉन रॅटक्लिफची तक्रार अशी की याने मला एक छोटी सुरी नाकारली, कोंबडी नाकारली, चमचाभर बिअर नाकारली आणि खराब धान्य वाढलं. हा तपशील विंगफिल्डनेच लिहून ठेवलाय. वाचताना आधी क्षुल्लक वाटतं, पण थोडं थांबून विचार केला की कळतं, कोठाराची किल्ली ज्याच्याकडे त्याच्या हातात लोकांचा जीव होता, आणि त्याच्यावर दुसऱ्या कुणाची नजर नव्हती.

आता पलीकडची बाजू. ही जमीन रिकामी नव्हतीच, तिचं नाव त्सेनाकोमाका, तीसेक जमाती एका प्रमुखाखाली, त्याला इंग्रज पॉवहॅटन म्हणायचे, त्याचं खरं नाव वाहुनसेनाकाव्ह. शेती बायकांच्या हातात, मका, घेवडा, भोपळा, शिवाय दलदलीतली टकाहो नावाची मुळं, कालवं, हरणं, आणि वसंतात नदीत चढणारे भले मोठे स्टर्जन मासे. इंग्रजांना मका हवा, यांना तांबं आणि लोखंडी हत्यारं हवी. पहिल्या वर्षी तांब्याच्या छोट्याशा तुकड्याला भरपूर मका मिळायचा. मग प्रत्येक जहाजातले खलाशी स्वतःच्या खिशासाठी सौदे करायला लागले, तांबं बाजारात इतकं आलं की वसाहतीतला एक पुढारी जॉन स्मिथ म्हणतो, जे आधी औंसभर तांब्याला मिळायचं ते आता पौंडभर तांब्यालाही मिळेना. साधी महागाई, पण ज्यांचं पोटच त्या सौद्यावर होतं त्यांच्यासाठी जीवघेणी. हत्यारांचंही तेच. १६०८ मध्ये दोन-तीनशे कुऱ्हाडी, छिन्न्या, कुदळी आल्या होत्या, सहा-सात आठवड्यांत शोधायला गेले तर वीससुद्धा हाती लागेनात, सगळ्या रात्रीच्या रात्री फरच्या बदल्यात पलीकडे गेल्या. एका खलाशाने एका फेरीत असा जमवलेला माल इंग्लंडात ३० पौंडांना विकल्याचं नंतर कबूल केलं. म्हणजे खाजगी धंद्याची अक्कल या लोकांना भरपूर होती, ती वापरायला कायदेशीर वाट कुणी ठेवली नव्हती.

त्यात सोन्याचा नाद. १६०८ ला सोनार आणि धातू गाळणारे बोलावले, चकाकणारी माती जहाजात भरून लंडनला पाठवली, ती मातीच निघाली. स्मिथने त्याच वर्षी कंपनीला लिहिलं की असले हजार पाठवण्यापेक्षा तीसच माणसं पाठवा, पण सुतार, शेतकरी, माळी, कोळी, लोहार, गवंडी आणि झाडांची मुळं उपटणारे. हा माणूस बढाईखोर होता, स्वतःची गोष्ट रंगवून सांगायचा, हे मान्य करूनसुद्धा हे पत्र मला त्या सगळ्या पत्रव्यवहारातलं सर्वात शहाणं वाटतं.

स्मिथ सप्टेंबर १६०८ ला अध्यक्ष झाला आणि काम नाही तर जेवण नाही हा नियम त्याने लावला, तीस-चाळीस कष्टाळू माणसांच्या मेहनतीवर दीडशे रिकामटेकडे पोसले जाणार नाहीत असं त्याने स्पष्ट सांगितलं. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथे संपते. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. १६०९ च्या वसंतात कोठार उघडलं तर मका निम्मा सडलेला आणि उरलेला उंदरांनी खाल्लेला, जे उंदीर इंग्रज जहाजांतूनच आले होते. मग स्मिथने माणसं पांगवली, साठ-ऐंशी जण खाली कालवांच्या खडकांकडे, वीस जण पॉइंट कम्फर्टला मासेमारीला, काही वर नदीच्या धबधब्याकडे. आणि ते जगले, स्टर्जन इतका मिळाला की माणसं आणि कुत्री खाऊन उरला. म्हणजे अन्न होतं, पण गढीत कोठारासमोर रांग लावून नव्हतं, लोकांना बाहेर सोडलं तरच होतं.

ऑक्टोबर १६०९ ला स्मिथ बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजून इंग्लंडला गेला. त्याच उन्हाळ्यात नऊ जहाजांचा मोठा ताफा निघाला होता, त्यातलं मुख्य जहाज सी व्हेंचर, नवे अधिकारी आणि बरीच शिधासामग्री घेऊन, वादळात बर्म्युडाला खडकावर अडकलं. बाकीची जहाजं माणसं घेऊन पोचली, धान्य फारसं नाही. पॉवहॅटनने व्यापार बंद केला आणि वेढा घातला, बाहेर जाईल तो मारला जाईल. रॅटक्लिफ मका आणायला गेला तो मारला गेला. फ्रान्सिस वेस्ट उत्तरेकडून जहाजभर मका घेऊन आला आणि जेम्सटाउनला न येता सरळ इंग्लंडला निघून गेला, हे वाचताना आजही राग येतो. गढीत अडकलेल्या ३०० च्या आसपास माणसांपैकी वसंतापर्यंत ६० उरली. २०१३ मध्ये संशोधकांनी उत्खननात मिळालेली सुमारे १४ वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी जाहीर केली, तिच्यावर सुरीच्या खुणा आहेत, मांस काढण्यासाठी केलेल्या. तिचं नाव कुणालाच माहीत नाही.

निसर्गाला यातून बाजूला काढता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. तिथल्या जुन्या सायप्रस झाडांच्या वाढीच्या कड्या मोजल्यावर १९९८ मध्ये कळलं की १६०६ ते १६१२ हा काळ त्या भागातला ७७० वर्षांतला सर्वात कोरडा सात वर्षांचा काळ होता. मका पॉवहॅटनच्या लोकांकडेही कमी असणार, आणि दरवर्षी जहाजभर तोंडं आणून टाकणाऱ्या पाहुण्यांना ते किती देणार? नदीही जास्त खारट झाली असणार. पण दुष्काळ दोन्ही ठिकाणी होता, जेम्सटाउनलाही आणि पॉइंट कम्फर्टलाही, आणि खेकडे मात्र एकाच ठिकाणी खाल्ले गेले.

मे १६१० ला बर्म्युडात अडकलेले लोक दोन नवी जहाजं बांधून पोचले, हाल बघून सगळ्यांनी वसाहत सोडायची ठरवली, ७ जूनला निघालेसुद्धा, आणि वाटेत नवा गव्हर्नर लॉर्ड डे ला वॉर याचा निरोप आला की थांबा, मी माणसं आणि शिधा घेऊन येतोय. परत वळले.

यानंतर आला लष्करी कायदा, आणि रोजचं जगणं कसं होतं हे बघायला त्याच्यासारखा कागद नाही. कामाला जायचं ते ढोल वाजला की, उन्हाळ्यात सकाळी ६ ते १० आणि दुपारी २ ते ४. कपड्यांचं साबणाचं पाणी रस्त्यावर टाकायचं नाही. विहिरीपासून वीस फुटांच्या आत भांडी घासायची नाहीत. तटापासून पाव मैलाच्या आत शौचाला बसायचं नाही. हे नियम अगदी गरजेचे होते, आधीच्या तीन वर्षांत किती जण या घाणीने मेले ते आपण पाहिलंच. पण त्याच यादीत हेही की परवानगीशिवाय स्वतःची कोंबडी मारली तरी मरणाची शिक्षा, कोठारातून चोरी केली तरी मरण. दोन-तीन पाइंट ओटचं पीठ चोरलं म्हणून एकाच्या जिभेतून दाभण आरपार घालून त्याला साखळीने झाडाला बांधला आणि तो तसाच उपाशी मरेपर्यंत ठेवला, हे वसाहतीतल्या जुन्या लोकांनीच १६२४ मध्ये लिहून दिलं. आणि पलीकडे याच काळात इंग्रजांनी पास्पाहेग लोकांची गावं जाळली, उभा मका कापून नेला, त्यांच्या राणीला आणि तिच्या मुलांनाही मारलं. मका मिळवण्याची हीसुद्धा एक पद्धत झाली होती.

मे १६११ ला वसाहतीचा नवा अधिकारी सर थॉमस डेल आला तेव्हा त्याला लोक रस्त्यात चेंडूचा खेळ खेळताना दिसले. आळशीपणाचा हाच पुरावा सगळे देतात. मला वाटतं अर्धपोटी, खारं पाणी पिऊन सुजलेल्या आणि कितीही केलं तरी ताटात तेवढंच पडणाऱ्या माणसाने दुसरं काय करावं?

कळीचा बदल १६१४ च्या सुमारास झाला आणि तो याच कडक डेलने केला. जुन्या लोकांना प्रत्येकी तीन एकर साफ जमीन दिली, खंड म्हणून वर्षाला अडीच पिंप मका कोठारात भरायचा आणि वर्षात एक महिना वसाहतीचं काम करायचं, तेही पेरणी-कापणीच्या दिवसांत नाही. बस, एवढंच. राल्फ हेमर तेव्हा तिथे होता, तो लिहितो की आधी तीस माणसांच्या श्रमातून जेवढा मका निघत नव्हता तेवढा आता तीन माणसं स्वतःसाठी काढतात. आकडा फुगवलेला असेल, तो डेलच्या बाजूचा माणूस होता, पण दिशा खरी असावी, कारण यानंतर काही वर्षं इंग्रज मका मागायला जात नव्हते, उलट हेमर सांगतो की कधी कधी स्थानिक लोकच त्यांच्याकडे मागायला यायचे. मात्र ही तीन एकरं सगळ्यांना नव्हती, बरेच जण कंपनीच्याच कामावर राहिले. आणि ज्या जमिनीची वाटणी झाली ती दुसऱ्यांची होती.

तेवढ्यात तंबाखू आला. स्थानिक जातीचा तंबाखू इंग्रजांना कडवट लागायचा, जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास स्पॅनिश प्रदेशातलं गोड जातीचं बी मिळवून लावून पाहिलं, १६१४ च्या आसपास पहिला माल लंडनला गेला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचं पोकाहॉन्टसशी लग्न झालं, त्यामुळे काही वर्षं शांतता होती. निर्यात १६१६ ला अडीच हजार पौंड वजनाच्या आसपास, १६१७ ला वीस हजाराच्या आसपास. ज्या राजाने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली होती त्याच्याच नावाचं हे गाव त्यावर जगायला लागलं.

डेलला धोका दिसला होता, त्याने नियम केला की दोन एकर मका लावल्याशिवाय कुणी तंबाखू लावायचा नाही. तो १६१६ ला गेला. मे १६१७ ला नवा उपगव्हर्नर कॅप्टन अरगॉल आला तेव्हा जेम्सटाउनमध्ये धड घरं पाच-सहा, चर्च पडलेलं, तट मोडलेला, पूल तुटलेला, गोड्या पाण्याची विहीर खराब झालेली, कोठारातच चर्च भरवलेलं, आणि बाजारपेठेची जागा, रस्ते, जिथे म्हणून मोकळी जागा मिळेल तिथे तंबाखू लावलेला. हे चित्र मी या प्रकरणाच्या मधोमध ठेवतो. दहा वर्षांपूर्वी कोठार सगळ्यांचं म्हणून कुणी राबत नव्हतं, आता पीक प्रत्येकाचं स्वतःचं म्हणून विहीर कुणी उपसत नव्हतं.

तंबाखूचं काम किती किचकट असतं हे आपल्याकडे निपाणी भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही. हिवाळा सरता सरता वाफ्यांत बी टाकायचं, मेमध्ये लावण, मग शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, पानावरच्या अळ्या हाताने वेचायच्या, उन्हाळा संपताना कापणी, मग वाळवण. आधी ढीग लावून वाळवायचे, त्यात पानं सडायची, १६१८ च्या आसपास लॅम्बर्ट नावाच्या माणसाने दोरीवर टांगून वाळवलं तर माल चांगला निघतो हे दाखवलं. तीन-चार पिकं काढली की जमीन दमायची, पुढचं रान तोडायचं. सगळा खेळ हातांचा. जमीन जवळपास फुकट आणि हात मिळेनात, म्हणून १६१८ ला कंपनीने ठरवलं की जो माणूस आणेल त्याला दर माणशी ५० एकर. ज्याच्याकडे जहाजाचं भाडं भरायला पैसे आहेत त्याला माणूसही मिळाला आणि जमीनही. ज्याच्याकडे नाहीत तो चार ते सात वर्षांच्या करारावर आला, ऊसतोडीला जाणारा उचल घेऊन बांधला जातो तसाच, फक्त हा करार मध्येच दुसऱ्याला विकताही यायचा.

पैसा खरंच आला. १६१९ च्या पहिल्या विधानसभेने, जी जुलैच्या शेवटी लाकडी चर्चमध्ये २२ प्रतिनिधी घेऊन भरली, चांगल्या तंबाखूचा भाव पौंडाला ३ शिलिंग आणि दुय्यमचा १८ पेन्स ठरवला. सभापती जॉन पोरीने त्याच सप्टेंबरमध्ये लिहिलं की इथला गुराखी रविवारी झगझगीत रेशमी कपडे घालून फिरतो आणि क्रॉयडनच्या एका कोळसेवाल्याची बायको मोत्यांची पट्टी लावलेली बीव्हरची टोपी घालते. एकाने नुसत्या स्वतःच्या मेहनतीवर वर्षाला २०० पौंड काढले, दुसऱ्याने सहा नोकर लावून एका पिकात हजार. आणि लगेच पोरी म्हणतो, इथली मुख्य संपत्ती म्हणजे नोकर. हे वाक्य सहज वाचून पुढे जाऊ नये, पुढचं सगळं त्यात आहे.

कारण त्याच १६१९ च्या ऑगस्टअखेर पॉइंट कम्फर्टला व्हाइट लायन नावाचं इंग्रज खाजगी लढाऊ जहाज आलं, वीस-एक आफ्रिकी माणसं घेऊन, लुआंडाहून निघालेल्या पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली. रॉल्फच्या पत्रात आहे की गव्हर्नर यार्डली आणि कोठारावरचा व्यापारी पिअर्सी यांनी ती अन्नसामग्री देऊन घेतली. अन्नसामग्री देऊन. ज्या किनाऱ्यावर नऊ वर्षांपूर्वी खेकडे लपवले होते तिथे आता शिल्लक अन्नात माणसं विकत मिळत होती. १६२१ मध्ये ५७ बायका लग्नासाठी पाठवल्या, जो लग्न करेल त्याने प्रवासखर्च म्हणून १५० पौंड वजनाचा उत्तम तंबाखू भरायचा. सगळ्याचं माप तंबाखूत.

आणि पोट? २२ मार्च १६२२ ला ओपेचानकानोच्या नेतृत्वाखाली स्थानिक लोकांनी एकाच सकाळी ठिकठिकाणी हल्ला केला, वाढत्या तंबाखूच्या शेतांनी त्यांची जमीन खात आणली होती, ३४७ इंग्रज मेले. उरलेले तटबंदीत कोंबले गेले, पेरणी बुडाली, आणि पुढच्या हिवाळ्यात भूक आणि रोगराई. रिचर्ड फ्रेथॉर्न हा करारावर आलेला पोरगा मार्टिन्स हंड्रेड नावाच्या मळ्यावर होता, त्याने मार्च-एप्रिल १६२३ ला आईबापांना लिहिलेलं पत्र टिकलंय. तो म्हणतो, आल्यापासून वाटाणे आणि पाणीदार लापशी याशिवाय काही खाल्लं नाही, एक पेनीचा पाव चार जणांत. घरी एका दिवसात जेवढं खायचो तेवढं इथे आठवड्याला मिळत नाही. अंगावर सदरा नाही, दोन चिंध्या, बुटांचा एक जोड, आणि झगा होता तो सोबत्यानेच चोरला. आणि एक ओळ: रानात पक्षी आहेत, पण ते पकडायला जायची आम्हाला परवानगी नाही, पहाटेपासून रात्रीपर्यंत काम.

म्हणजे १६२३ मध्ये, तंबाखूचे हजारो पौंड जहाजात भरले जात असताना, डोक्यावरून पक्षी उडतायत आणि पोराला ते मारायची परवानगी नाही, कारण त्याचा वेळ त्याचा नाही. जेम्सटाउनला जहाजावरचा माल उतरवायला तो यायचा तेव्हा जॅक्सन नावाच्या बंदूक-कारागिराने त्याला झोपायला खोपी करून दिली आणि परत जाताना थोडे मासे बरोबर द्यायचा. आपल्या हाताचा मालक असलेल्या कारागिराकडे मासे होते. आईबापांना पोराने विनवलंय की पैसे भरून मला सोडवा, नाहीतर निदान चीज, लोणी, खारवलेलं मांस पाठवा, विकून तुमचे पैसे परत करीन. १६२४ च्या सुरुवातीला केलेल्या मृतांच्या यादीत त्याचं नाव आहे.

कंपनीची सनद २४ मे १६२४ ला रद्द झाली, वसाहत राजाकडे गेली. तोपर्यंत सहा हजारांहून जास्त माणसं पाठवली गेली होती आणि १६२५ च्या शिरगणतीत जिवंत सापडली ती बाराशेच्या आसपास. लंडनच्या साध्या शेअरवाल्यांना १६१६ ला सात वर्षांचा नफा मिळायचा होता, तो नव्हताच, त्याऐवजी व्हर्जिनियातली जमीन दिली. तंबाखू मात्र वाढतच राहिला, दशकाच्या अखेरीस वर्षाला पाच लाख पौंड वजनाच्या आसपास, आणि म्हणूनच भाव कोसळला, १६३० ला पौंडाला एक पेनीच्याही खाली. यावर मळेवाल्यांचा उपाय एकच, अजून जमीन आणि अजून माणसं.

१६२५ च्या त्या शिरगणतीतलं एक घर सांगतो. कॅप्टन विल्यम पिअर्स, जेम्सटाउन. बायको जोन, १६०९ ला आलेली, म्हणजे तो उपासमारीचा हिवाळा तिने पाहिलेला, तिचीच मुलगी पोकाहॉन्टसच्या मृत्यूनंतर रॉल्फची बायको झाली. दोन इंग्रज नोकर, एक इंग्रज मोलकरीण, आणि 'अँजेलो' अशी नोंद असलेली, आज आपण अँजेला म्हणतो ती आफ्रिकी बाई, व्हाइट लायनच्या जोडीच्या ट्रेझरर जहाजातून आलेली. १६२९ मध्ये इंग्लंडला परतलेल्या जोन पिअर्सने जे सांगितलं ते जॉन स्मिथने लिहून ठेवलं: जेम्सटाउनला माझी तीन-चार एकरांची बाग आहे, एका वर्षात शंभर बुशेलच्या जवळपास अंजीर काढले, आणि लंडनमध्ये वर्षाला तीन-चारशे पौंड खर्चून जसं घर चालतं त्याहून चांगलं मी तिथे स्वतःच्या घरच्या पिकावर चालवते. स्मिथ तिला प्रामाणिक आणि कष्टाळू म्हणतो आणि ती असणारच, जवळपास काही न घेता गेली होती आणि सगळं बघून उभी राहिली होती. पण त्या घरात अँजेलाही होती. अंजिरांचे बुशेल मोजले गेले, घरखर्च लंडनच्या पौंडांत मोजला गेला, अँजेलाच्या कामाचा एक दिवसही कुठे मांडलेला नाही, आणि १६२५ नंतर तिचं नावही कागदात सापडत नाही.